ओमच्या धुंडीतला मार

अंजूचा हात तोंडाच्या आधी चालायचा. लहानपणी आर्णीकडच्या तांड्यात शेजारच्या बोकडानं तिची भाकर ओढली, तर तिनं बोकडाच्या कानाला असा चावा घेतला की पुढे तो बोकड तिला पाहून रस्ता बदलायचा. शाळेत एका पोरानं तिच्या वेणीला गाजरगवत बांधलं. त्याचा पुढचा दात आजही अर्धा आहे. तो आर्णीत मोबाइलचं दुकान चालवतो आणि ओठ मिटून हसतो. लग्न जमलं तेव्हा बापानं मुलाकडच्यांना आडून आडून सांगून ठेवलं, "पोरगी कामाले वाघ हाय. फकत जरा दुरून बोलत जा." मुलाकडचे खो खो हसले. त्यांना वाटलं, व्याही गमत्या दिसतो.

सासर बोरी अरबजवळच्या तांड्यात. नवरा इंद्रजीत, कपाशी अन् तुरीचा शेतकरी, स्वभावानं इतका निवांत की त्याला "पळ, बैल उधळला" म्हटलं तर तो आधी "कोणाचा?" विचारायचा. सासू धुरपताबाई मात्र सुनेच्या तोडीची. केसांत दोन्ही बाजूंना चांदीच्या घुगऱ्या, आवाज असा की शेजारच्या शेतातली वानरं खाली उतरावीत, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या टायमाले" अशी. लाड करायची ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, शिव्या द्यायची त्या वऱ्हाडीत, म्हणजे ती मायेत आहे की रागात हे गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. अंजू तिला घरच्या भाषेत याडी म्हणायची, म्हणजे आई. पण कधी कधी ती "याडी" अशी म्हणायची की ऐकणाऱ्यानं दगड शोधावा.

आणि मग ओम झाला. लाथा मारतच आला. सुईणीच्या हाताला पाय लागला आणि बाई "अगं आई गं" करून मागं सरकली. धुरपताबाईनं त्यावर साखर वाटली.

त्या घरात लेकराचं एकही पाऊल मारामारीवाचून पुढे पडलं नाही. पालथा व्हायला शिकला त्याच दिवशी बाजेवरून खाली आला, कपाळाला टेंगूळ. अंजूनं बाजेला लाथ घातली. बाजेला काही झालं नाही, अंजूचा अंगठा सुजला. लस द्यायला नेलं, नर्सबाईनं मांडीत सुई टोचली, ओम किंचाळला आणि अंजूचा हात सुटला. नर्सबाईनं तो वरच्यावर पकडला. "आज तू पहिली नाहीस," ती म्हणाली, "सकाळच्या बाईनं माझा चष्मा फोडला." हगवण लागली तेव्हा इंद्रजीतनं शेतातून येऊन न धुतलेलं बोट पोराला चोखवल्याचं उघड झालं आणि लाटणं त्याच्या पाठीवर दोन तुकडे झालं. बसायला लागला तसं पोरानं आजीची घुगरी धरून अशी ओढली की केस मुळासकट हातात आले. डोळ्यांत पाणी, टाळूतून रक्त, अन् धुरपताबाई नाचतेय, "पकड पाहा माह्या नातवाची! कुस्ती मारीन हा, कुस्ती!" दात आले ते अंजूच्या छातीवर उमटले. ती ओरडली, तो हसला, तिनं त्याच्या ढुंगणावर एक ठेवून दिली, मग स्वतःच रडत बसली आणि त्याला पुन्हा छातीशी घेतलं. त्यानं पुन्हा चावलं.

होळीच्या आठवड्यात ओमला खोकला झाला. आधी कोरडा, मग ओला, मग कुत्र्याचं पिल्लू गुरगुरतं तसा घशातून आवाज. दूध तोंडात घ्यायचा, दोन घोट ओढायचा आणि धापा टाकत सोडून द्यायचा. पोट भात्यासारखं खालीवर.

"याडी, याचं पोट उडून राह्यलं."

"दात येऊन राह्यले त्याले. दाताचं पोट उडतेच."

"दात तोंडात येते ना? पोट कायले उडते मंग?"

"आमच्या टायमाले," धुरपताबाईनं सुरू केलं, "इंद्याचं असंच उडलं होतं. विळ्याचं टोक तापवलं, पोटावर तीन डाग देल्ले, तिसऱ्या दिशी पोट्टं अंगणात धावत होतं. विचार त्याले."

इंद्रजीतच्या बेंबीभोवती ते तीन डाग होते, चपटे, चिंचोक्यासारखे. त्याला विचारायचं काय? तो तेव्हा आठ महिन्यांचा होता. पण सदरा वर करून तो डाग मात्र दाखवायचा, जसं काही ते बक्षीस मिळालंय.

"ओमले कोणी हात लावला ना," अंजू म्हणाली, "तर विळा कुठं घालीन ते मी सांगत नाही."

आशाताई संगीता अंगणवाडीत साऱ्या आयांना सांगून गेली होती: श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडतो असं दिसलं, तर घरात बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अंजूनं त्या सकाळी ओमचं झबलं वर केलं. दर श्वासाला बरगडीखाली कातडं आत ओढलं जात होतं, कोणी आतून चिमटा काढतंय तसं.

"इंद्या, गाडी काढ. दारव्ह्याले चाल."

"आज?" इंद्रजीत म्हणाला. "आज त्याची धुंड हाय ना बे!"

बायकोला "बे" म्हटल्याबद्दल एरवी एक पडली असती. पण खरंच, आज धुंड होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी तांडा त्या घरासमोर जमतो, जिथं वर्षभरात मुलगा झालाय. लेकराला मांडीवर घेऊन बसतात, पुरुष, म्हणजे गेरिया, त्याच्या डोक्यावर एक काठी आडवी धरतात आणि तिच्यावर आपापल्या काठ्या आपटत गाणी म्हणतात, पोराला आशीर्वाद देतात. मग खरी मजा. अंगणात खुंट्यांना गोड पुऱ्यांचं भांडं बांधलेलं असतं. पुरुषांनी ते पळवायचं आणि बायांनी, म्हणजे गेरणींनी, काठ्यांनी त्यांना बडवायचं. लुटूपुटूचं नाही, चांगलं हाडं शेकेपर्यंत. पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून, पोटाला पोतं बांधून येतात आणि तरी लंगडत घरी जातात. कोणी राग धरायचा नाही. ज्याला जास्त लागलं तो जास्त मिरवतो.

"धुंड झाली की नेतो," इंद्रजीत समजूत काढत होता. "नाईक येऊन राह्यले. तांडा जमला. पाहुणे जमले. आता म्हटलं की नाही होत, तर लोकं काय म्हणतीन?"

"अन् धुंड झाली की मी एक डाग देतो," धुरपताबाई म्हणाली. "दवाखान्याची गरज नाही पडत."

अंजूच्या दोन्ही मुठी वळल्या. पण अंगणात माणसं शिरली होती, तांड्याचे प्रमुख हरिसिंग नाईक पुढे, फेटा आणि काठी. नाईकांना प्रत्येक वाक्यानंतर "काय समजलं?" म्हणायची सवय. "आज आपल्या ओमची धुंड हाय, काय समजलं? पोरगं शंभर वर्षं जगलं पायजे, काय समजलं?" सारा तांडा समजत होता. धुरपताबाई पोराला मांडीवर घेऊन अंगणाच्या मधोमध बसली. अंजूच्या हातात हंसाबाईनं काठी कोंबली. हंसाबाई म्हणजे गेरणींची सेनापती. जाड, तोंडात पान, नवऱ्याला वर्षभर मारत नाही कारण एकाच दिवसासाठी साठवते. "ऐक," ती पान सांभाळत म्हणाली, "गुडघ्याखाली हाण. वरच्या अंगाले पोते बांधले हरामखोराईनं."

गेरियांनी ओमच्या डोक्यावर काठी आडवी धरली. गाणं सुरू झालं आणि काठ्यांवर काठ्या पडायला लागल्या. खाड, खाड, खाड. कानठळ्या बसाव्यात असा आवाज, पोराच्या टाळूपासून वीतभर वर.

ओम दचकला नाही.

एरवी ताट पडलं तरी हातपाय फेकून भोकाड पसरणारं पोर. आता डोळे अर्धे उघडे, मान आजीच्या हातावर कलंडलेली, नाकपुड्या फुगतायत, मिटतायत. डोक्यावर काठ्यांचा पाऊस आणि पापणीसुद्धा हलली नाही. साऱ्या अंगणात ते एकट्या अंजूनं पाहिलं.

ती सरळ इंद्रजीतकडे गेली. तो माणसांच्या घोळक्यात उभा, डोक्याला टॉवेल बांधलेला, दात काढत.

"गाडी काढ."

"अवो, थांब ना, नाईकानं अजून..."

काठी त्याच्या पोटरीवर बसली. घोळक्यातून आरोळी उठली. "आरं इंद्या! बायकोनं आधीच सुरू केलं रे!"

"गाडी काढ!" दुसरी खांद्यावर.

"सोड रे भांडं तिकडं, इथंच मजा हाय!" "हाण अंजू, मागचं पुढचं काढून घे!" "मोडल्या लाटण्याचा बदला घेऊन राह्यली का?" इंद्रजीत नाचत, उड्या मारत मागं सरकत होता, खेळात सरकतात तसा, हसतही होता. अंजू ओरडत होती, "पोट्टं मरून राह्यलं, गाडी काढ!" आणि ढोल, डफ, हलकल्लोळ, त्यात लोकांना ऐकू येत होतं फक्त "मर" आणि "काढ". धुंडीत शोभेल असंच. तिनं तिसरी काठी डोक्यावर मारली. टॉवेलातून कानामागं लागली, रक्ताची धार मानेवर आली. तरी कोणी थांबेना. उलट गेरणींचं लक्ष तिच्याकडे गेलेलं पाहून चार पुरुष भांड्यावर धावले, हंसाबाई "आले गं आले!" करत त्यांच्यावर तुटून पडली आणि मग अंगणात कोण कोणाला बडवतंय ते कळेनासं झालं. एक पालथा पडला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर भांडं. पुऱ्या मातीत. नाईक ओरडतायत, "बाया जिंकल्या, काय समजलं? बाया जिंकल्या!" अन् त्यांच्याच नडगीवर एक बसली.

अंजूनं वळून पाहिलं. अंगणाच्या मधोमध धुरपताबाई नव्हती.

ती घरात धावली. चूल पेटलेली. धुरपताबाई चुलीसमोर बसलेली, ओम मांडीवर उताणा, झबलं गळ्यापर्यंत वर. हातात विळा. टोक लाल.

"सोड त्याले."

"बाजूले हो. एकच टेकवतो."

"याडी, सोड."

"माहे दोन पोरं गेले असंच पोट उडून!" धुरपताबाई ओरडली. "दोन! इंद्या राह्यला तो डागानं राह्यला! तुले काय समजते? काल आली तू!" आणि विळा खाली आला.

अंजूनं काठी मारली. अंगणातल्यासारखी नाही. सरपण फोडावं तशी. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि सासूचा पंजा मनगटापासून भलतीकडंच लोंबला. विळा उडाला तो अंजूच्या पावलावर पडला. कातडं चरचरलं, वास सुटला. अंजूनं पाय झटकला, ओमला उचललं.

दारात इंद्रजीत उभा होता, मानेवरून रक्त, हसू अर्धंच पुसलेलं. त्याच्यामागे हंसाबाई, तिच्यामागे आणखी डोकी. धुंडीत बाई पुरुषाला बडवते, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण बाई बाईवर काठी उचलत नाही. सासूवर तर नाहीच. हा मार खेळातला नव्हता, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला एका क्षणात कळलं.

"काई वेगो?" बाहेरून कोणी म्हातारं गोरबोलीत विचारत होतं, काय झालं म्हणून.

"पाह," अंजू नवऱ्याला म्हणाली. तिनं ओमची उघडी छाती त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "पाह इथं. नजर हलवू नको."

इंद्रजीतनं पाहिलं. कातडं आत गेलं. बाहेर आलं. आत गेलं. निवांत माणसाचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं "कोणाचा?" विचारलं नाही. तो गाडीकडे पळाला.

"माहा हात मोडला," धुरपताबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. रडत नव्हती, नुसतं सांगत होती.

"तू बी चाल," बाहेरून इंद्रजीत ओरडला.

धुळवडीचा दिवस, बस बंद, ऑटोवाले पिऊन पडलेले. एका दुचाकीवर तिघं आणि मधोमध ओम. इंद्रजीत पुढे, अंजू मध्ये लेकराला छातीशी धरून, मागे धुरपताबाई मोडका हात पदरात बांधून. चांगल्या हातात तिनं अंजूची काठी घेतली होती. "हे तुह्यापाशी ठेवत नाही आता," एवढंच म्हणाली.

बोरी अरबपाशी पोट्ट्यांनी रस्त्याला दोर लावला होता, तोंडं हिरवी-जांभळी, हातात पाण्यानं फुगवलेल्या पिशव्या. "रंग लावल्याशिवाय जाऊ नाही देत, भाऊ! बुरा न मानो!" एकानं गाडीचं हँडल धरलं, दुसऱ्यानं पिशवी उगारली. गाडी डगमगली. अंजूला हात मोकळा नव्हता. तिनं लाथ घातली, भाजलेल्या पायानंच, आणि वेदनेनं किंकाळी फोडली. त्याच वेळी धुरपताबाईनं मागून वाकून पाहिलं. अंजूच्या खांद्यावरून ओमचं तोंड दिसत होतं. ओठ निळसर पडले होते, जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे.

ती डाव्या हातानं काठी फिरवत ओरडली. अशी ओरडली की दोर धरलेली दोन्ही पोरं जागच्या जागी बसली. "हटा! हटा तुमच्या मायची! माहा नातू मरून राह्यला!" पहिली काठी हँडल धरणाऱ्याच्या बोटांवर, दुसरी पिशवीवर, पिशवी फुटून रंग तिच्याच तोंडावर. दोर पडला. गाडी निघाली. मागून एक पोरगा रडक्या आवाजात म्हणत होता, "अवो, आम्ही तर असंच..."

दारव्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ओमकडे एकदा पाहिलं आणि ते पळायला लागले. अंजू लेकराला घेऊन त्यांच्यामागे लंगडत पळाली. "निमोनिया. ऑक्सिजन लावा. सुई टाका, लगेच." राखी सिस्टर आली, नेरकडच्या एका तांड्यातलीच, हातात बारीक सुई. शीर सापडेना. हातात टोचलं, नाही. दुसऱ्या हातात टोचलं, नाही. पायात शोधायला लागली.

"आई, पाय घट्ट धरा. हलला तर पुन्हा टोचावं लागेल."

अंजूनं ओमचा पाय धरला. सुई कातड्यात गेली. राखीनं ती आत फिरवली, रक्ताचा थेंब आला, सुई पुन्हा फिरली. अंजूचा दुसरा हात उठला, मूठ वळली, राखीच्या गालापाशी येऊन थांबली.

राखीनं मान वर केली नाही. "मार," ती म्हणाली, "पण पाय सोडू नको."

मूठ तिथंच राहिली. पाय सुटला नाही. आणि मग सुई लागली आणि ओम रडला. आधी किरकिरत, मग नळीच्या आतून, मग तोंड फाडून, छताला ऐकू जाईल असं. मोकळ्या पायानं त्यानं राखीच्या हाताला लाथ मारली.

"रडून राह्यला ना?" राखी पट्टी चिकटवत म्हणाली. "रडू द्या. रडायले दम लागते."

अंजू भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं त्याच मुठीचं मनगट चावलं, रक्त येईपर्यंत.

पलीकडच्या खोलीत धुरपताबाईच्या हाताला प्लास्टर चढत होतं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. "नंतर सांगतो," ती म्हणाली. "आधी पोराचं पाहा." इंद्रजीतच्या कानामागं टाके पडले. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "धुंड होती," आणि डॉक्टरांनी मान डोलावली; सकाळपासून त्यांच्याकडे तसेच आले होते.

ओमनं पाच-सहा दिवस सगळ्यांना लटकवून ठेवलं. दुपारी ताप उतरला असं वाटलं की संध्याकाळी पुन्हा चढायचा. त्या दिवसांत सासू-सून एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीनं डबा सरकवायचा, दुसरीनं न पाहता उचलायचा. इंद्रजीत मध्ये बसून दोघींकडे आळीपाळीनं पाहायचा, बैल उधळायची वाट पाहणाऱ्यासारखा. मग एका सकाळी ओमची नळी काढली. छातीखालचा खड्डा भरला होता. अंजूनं त्याला छातीशी घेतलं आणि त्यानं दूध ओढलं, ओढलं, मधे न थांबता ओढतच राहिला. धुरपताबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून एकेक घोट पाहत होती.

तेव्हाच डॉक्टर फेरीला आले. "आजी, आता तरी सांगा. हाड सरळ तुटलंय. पडून असं तुटत नाही. कोणी मारलं असेल तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं."

अंजूनं वर पाहिलं नाही. इंद्रजीतनं कानामागचे टाके चाचपले.

"धुंडीत लागलं," धुरपताबाई म्हणाली.

राखी सिस्टर सलाईनची बाटली काढत होती. तिला राहवलं नाही. "मावशी, माहाबी तांडाच हाय नेरकडं. धुंडीत बाया बायाईले मारत नाही."

"तुमच्या नेरकडं नसन मारत," धुरपताबाई म्हणाली. "आमच्या तांड्यात यंदापासून मारतात."

डॉक्टरांनी राखीकडे पाहिलं, राखीनं बाटलीकडे. फेरी पुढच्या खाटेकडे गेली.

फेरी दाराबाहेर पडेपर्यंत धुरपताबाई थांबली. मग पुढे झाली आणि डाव्या हातानं अंजूच्या गालावर एक अशी ठेवून दिली की इंद्रजीत खुर्चीवरून उठला.

"हे धुंडीतलं नाही," ती म्हणाली. "हे घरचं."

अंजूच्या गालावर चार बोटं उमटली. डोळे भरले. लेकराचं तोंड छातीवरून सुटू नये म्हणून ती हललीसुद्धा नाही.

"सरक तिकडं." धुरपताबाई खाटेवर बसली. "झालं का त्याचं? दे इकडं. ढेकर मी काढतो. तू काढते तर पोट्टं ओकते."

अंजूनं ओमला तिच्या खांद्यावर दिलं. प्लास्टरचा हात खाली आधाराला, चांगला हात पाठीवर. धुरपताबाई थोपटायला लागली. तिचं थोपटणं म्हणजे धुणं धुतल्यासारखं, धप, धप.

"अवो बाई," पलीकडच्या खाटेवरची बाई कळवळली, "हळू ठोका ना, लेकरू हाय ते!"

"तू गप!" दोघी एकदमच म्हणाल्या.